चढावरची आठवण

तीर्थपुरी
६ ऑक्टोबर २०२४

ज्योत्स्नाबाई यांस,

तुमच्याशी बोलणार नाही, असं मी म्हणाले होते. लिहिणार नाही, असं म्हणाले नव्हते. मराठीची बाई शब्द तोलून वापरते, तेव्हा हे पत्र म्हणजे माझी माघार आहे असा गैरसमज करून घेऊ नये.

निमित्त एवढंच की तुमच्या अंगणातला कढीपत्ता तुमच्या नव्या भाडेकरूनं बुडापासून छाटला. कळवणं माझं कर्तव्य होतं. कळवलं.

तुम्ही नाशकाला प्रेमकडे सुखरूप पोचलात, हे गिरणीवाल्या बेबीनंदाकडून समजलं. तुम्ही तीर्थपुरी सोडून चाललात, हेही मला सामान भरायला आलेल्या टेम्पोवाल्याकडूनच समजलं होतं, त्यामुळे तुमच्या बातम्या तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकायची आता सवय झाली आहे. उभी नोकरी आपण एका शाळेत काढली. तुम्ही विज्ञान शिकवलंत, मी मराठी. एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, एकमेकींच्या मुलांची दुखणी काढली. आणि गाव सोडताना तुम्हाला वरच्या गल्लीत येऊन चार शब्द सांगवले नाहीत. तातेरावभाऊजी गेल्यापासून ते घर तुम्हाला खायला उठत होतं, हे काय मला दिसत नव्हतं? लेकाकडे जाऊ नका, असं मी म्हणाले असते का? म्हणाले असते. पण तो मुद्दा वेगळा.

असो. त्या विषयावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

इकडे सगळं ठीक. तुमचे वामनभाऊजी ठणठणीत आहेत आणि रिटायर झाल्यापासून घरातल्या प्रत्येक डब्याला नवीन जागा शोधताहेत. मला थोडं पित्त आहे. ते काही आजचं नाही, आईला होतं, मावशीला होतं, माहेराहून मला तेवढंच भरभरून मिळालं. जेवून आडवं झालं की घशाशी आंबट येतं आणि छातीत जळजळतं. यांचं औषध ठरलेलं. "अगं, बिलकुल पित्त हाय. जल्दी धने-जिऱ्याचं पाणी पी." पिते.

आज बाजार करून वर येत होते. वेशीपासून आपल्या गल्लीपर्यंतचा चढ तुम्हाला सांगायला नको. बेबीनंदाच्या गिरणीसमोरच्या ओट्यावर बसले, शाळा सुटल्यावर आपण बसायचो तशी. म्हणजे सवयीनं पाय थांबले. शेजारची जागा रिकामी बघितली आणि छाती एकदम भरून आली. गच्च. थोडा वेळ नुसती बसून राहिले, तेव्हा ओसरलं. मग घरी आले.

हे लिहायचं नव्हतं. पण एकदा लिहिलेलं मी खोडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आपली,
सौ. तारा वामन परतूरकर


तीर्थपुरी
भाऊबिजेचा दुसरा दिवस, ४ नोव्हेंबर २०२४

ज्योत्स्नाबाई,

फराळाचा डबा कुरिअरनं पाठवला आहे. चकली थोडी कडक झाली. तुम्हाला तशीच आवडते म्हणून नव्हे, पीठच तसं पडलं.

पत्राला उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते.

दिवाळीत तळलेलं खाऊन पित्त फार वाढलं, तेव्हा यांनी मला स्टँडजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. नवीनच आहेत, पोरगेलेसे, पण बोलायला बरे. त्यांनी विचारलं, "बाई, छातीत दुखतं का?" मी सांगितलं, दुखत नाही. "बराबर सांगा, दुखतं का न्हाई?" मी म्हटलं, डॉक्टर, मी मराठी शिकवलं आहे. दुखणं वेगळं, खुपणं वेगळं, सलणं वेगळं. मला यातलं काहीही होत नाही. मला जळजळतं. ते हसले. मला टेबलावर झोपवून यंत्राला तारा जोडल्या आणि ईसीजीची पट्टी काढली. पट्टी निर्दोष आली. म्हणाले, "हार्टचं काही न्हाई. ॲसिडिटी हाय. ही गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्या, तिखट बंद करा." हे दारात उभे होते, त्यांना तर आनंदाचं भरतं आलं. "मी काय सांगत होतो? पित्त!" परत येताना त्यांनी स्वतःसाठी भजी घेतली.

छाती भरून येते ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही. ते काय डॉक्टरांना सांगायचं असतं? मैत्रीण गाव सोडून गेली आणि ओट्यावर बसलं की ऊर दाटून येतो, यावर ते कोणती गोळी देणार? ते दुखणं नव्हे. ते तुझं आहे.

वर 'तुझं' असं लिहून गेले. आता राहू दे. वयानं मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, रागातही तुला अहो-जाहो करून मला अवघडल्यासारखं होत होतं. फक्त रागाचा आणि या 'तू'चा काही संबंध नाही, राग आहे तिथेच आहे.

बेबीनंदा विचारत होती, "ज्योत्स्नाबाईचा फोन येतो का हो?" मी म्हटलं, येतो की. खोटं बोलले. ती लगेच म्हणाली, "मला तर आठवड्याला येतो." तिला येतो! तिला तू काय सांगतेस इतकं? ज्वारीचा भाव?

तारा


तीर्थपुरी
१५ डिसेंबर २०२४

ज्योत्स्ना,

डबा पोचला म्हणे. बेबीनंदाच म्हणाली. चकली आवडली, असंही तिच्याच मार्फत. आता तिला मी पोस्टमास्तर म्हणूनच हाक मारते.

गोळीनं फार चांगला गुण आला. घशाशी येणं थांबलं, जळजळ गेली, परवा ठेच्यासोबत भाकरी खाल्ली तरी छाती थंड. मी यांना मुद्दाम सांगितलं नाही, नाही तर धने-जिऱ्याच्या पाण्याचं श्रेय घेतील.

म्हणजे पित्त गेलं आणि आता उरलीस तू.

तुला वाटेल मी वाढवून सांगते. पण थंडी पडल्यापासून आठवण फार जोरात येते. पूर्वी गिरणीपर्यंत तरी यायचे, मग ओट्यावर बसायचे आणि मग छाती भरायची. आता त्याच्याही आधी, खाली भुजंगच्या चहाच्या टपरीपाशीच भरून येते. हातात पिशवी असली तर डावा हात जड होतो, खांद्यापासून. खालची दाढही ठणकते, आणि गंमत म्हणजे घरात बसलं की ठणकत नाही. दाढेलाही गावात फिरायचा कंटाळा आला असावा. मी टपरीच्या बाकावर बसते. भुजंग न विचारता पाणी देतो. थोड्या वेळानं सगळं निवतं, तशी उठते.

परवा तो म्हणाला, "बाई, दम लागून राह्यला का?" मी म्हटलं, लागून राह्यला नाही, लागतो आहे का असं म्हण. माझ्या हाताखालून गेलेला पोरगा, आता दोन लेकरांचा बाप, तरी क्रियापदं तशीच. तो म्हणाला, "मंग लागतो आहे का?" मी म्हटलं, नाही रे, माझ्या मैत्रिणीची आठवण येते. त्या बिचाऱ्यानं बिनसाखरेचा चहा दिला.

ज्योत्स्ना, माणसाची आठवण अशी अंगात उतरते हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, मुलांना शिकवलं होतं, ऊर भरून येणे, वाक्यात उपयोग करा. आता माझाच वाक्यात उपयोग होतो आहे.

आमचा लेक अद्वैत बंगळूरला बोलावतो आहे, जानेवारीत या म्हणतो. मी नाही म्हटलं. मध्येच तू आलीस तर?

तारा


तीर्थपुरी
१५ जानेवारी २०२५

ज्योत्स्ने,

सोबत तिळगूळ आहे. गोड बोल म्हणत नाही. कडू बोल, तिखट बोल, शिव्या दे, शाळेत निकाल लावताना माझ्या बेरजा तपासून जशी वैतागायचीस तशी वैताग. पण बोल.

माझा राग संपला. कधी संपला ते कळलंही नाही. काल हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या, घर भरलं होतं, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते की वाटीत जास्तीची साखर कुणासाठी काढून ठेवली. तुझ्यासाठी. तू हळदीकुंकू लावत नसायचीस, पण मागच्या दारानं येऊन तिळाच्या वड्या पळवायला पहिला नंबर तुझा. काल मागचं दार मी उगीचच उघडं ठेवलं होतं.

बायका गेल्यावर अंगण झाडायला घेतलं आणि तुझी आठवण आली ती अशी की खराटा टाकून पायरीवरच बसले. घाम सुटला, थंडीत. हे बाहेर आले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, ज्योत्स्नाची आठवण आली. त्यांनी पाणी आणून दिलं आणि शेजारी बसले. मग म्हणाले, "अगं, आठवण आली तर फोन कर की. अबोला म्हणजे काय कोर्टाचा स्टे हाय का?" मी म्हटलं, तिनं उचलला नाही तर?

हेच खरं आहे. तुला फोन न करण्याचं कारण मान नाही, अभिमान नाही. तू उचलला नाहीस तर मला सोसणार नाही. पत्राचं बरं असतं. तू वाचत नसशील असं मी धरून चालते, आणि वाचत असशील असंही.

आता चढही लागत नाही गं तुझी आठवण यायला. हंडा उचलला की येते. जिना चढला की येते. गाद्या उन्हात टाकल्या की येते. बसलं की शांत वाटतं, म्हणून मी बसूनच असते जास्त. यांनी शेवटी स्वयंपाकाला बाई लावली.

एवढं एक सांग, मी तुझं काय केलं होतं की तू मला न सांगता गेलीस? कढीपत्त्याला पुन्हा फूट आली आहे.

तुझी,
तारी


तीर्थपुरी
१६ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ने,

जे घडलं ते सगळं तुझ्यासमोरच घडलं, तरी लिहिते. तिथे मला कुणी बोलूच दिलं नाही. डॉक्टर, तू आणि हे, तिघांनी मिळून माझं तोंड बंद केलंत. आता तू नाशकात आहेस आणि कागद माझ्या हातात आहे.

तुझा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. फोनवर तुझं नाव दिसलं. मी आधी डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग उचलला. इतक्या महिन्यांनी मैत्रिणीचा फोन! मला वाटलं, तू रडशील. निदान कशी आहेस म्हणशील. आणि तू काय विचारलंस?

"तारे, माझी आठवण तुला चढावरच का येऊन राह्यली?"

मी म्हटलं, म्हणजे काय? तू वर्गात विचारतेस तसंच विचारलंस, "आणि बसल्यावर का थांबते? बसलेल्या माणसाला मैत्रीण आठवत न्हाई का? जेवताना न्हाई, पडल्यावर न्हाई, आणि हंडा उचलला की आठवते? तुझी चारी पत्रं पुढ्यात घेऊन बसले मी. आधी गिरणीपाशी. मंग भुजंगच्या टपरीपाशी. आता अंगणात. हात जड, दाढ ठणकते, घाम. ही आठवण न्हाई तारे. भाऊजींना फोन दे."

मला काय राग आला म्हणून सांगू! इतके दिवस मी आतडं पिळवटून माया लिहिली आणि हिनं तिला रोग म्हणावं? मी म्हटलं, तुला माझ्या पत्रांत एवढंच दिसलं? तू म्हणालीस, "मला सगळं दिसलं. भाऊजींना फोन दे." तुझा आवाज त्या वेळी हलला, नाही तर मी फोन ठेवलाच होता.

यांनी तुझं ऐकताना माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पट्टी तर बराबर आल्ती," एवढंच दोनदा म्हणाले. मग गाडी काढली. धने-जिऱ्याचं पाणी कुणाला सुचलं नाही.

जालन्याच्या दवाखान्यात आम्ही नंबर लावून बसलो होतो आणि तू दारातून आलीस, स्टेशनवरून थेट, खांद्याला ती जुनीच शबनम. मी उठायला लागले तर दुरूनच ओरडलीस, "बस! उठू नको!" सगळा दवाखाना बघायला लागला. ही आपली भेट. मी मनात काय काय ठरवलं होतं, आधी रुसायचं, मग जवळ घ्यायचं. तू आल्या आल्या माझं मनगट धरलंस आणि नाडी मोजायला लागलीस. मोजून झाल्यावरही मनगट सोडलं नाहीस, ते मात्र मी बघितलं.

आत हृदयाच्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, "छातीत दुखतं का?" मी सवयीनं म्हणाले, दुखत नाही. तू मध्येच तोंड घातलंस. "डॉक्टर, ही मराठीची बाई हाय. हिला दुखतं का म्हणून विचारू नका, जन्मभर न्हाई म्हणंल. चढावर काय होतं ते विचारा." त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चढावर भरून येतं, कुणी छातीवर धान्याचं पोतं ठेवल्यासारखं, आणि बसलं की उतरतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, आम्ही त्यालाच दुखणं म्हणतो."

बघ, आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगितले आणि एका शब्दानं मला गोत्यात आणलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. त्या चालत्या पट्ट्यावर त्यांनी मला चालवलं आणि जरा वेळातच घाईघाईनं थांबवलं. मग अँजिओग्राफी, नळी जवळजवळ बुजलेली, मग स्टेंट. मी डॉक्टरांना विचारलं होतं, मग गोळीनं गुण कसा आला? ते म्हणाले, दोन्ही होतं. जळजळ पित्ताची होती, ती गोळीनं गेली. भरून येणं हृदयाचं होतं, ते तुम्ही कुणाला सांगितलंच नाही. आणि पहिली पट्टी झोपवून काढलेली, झोपल्यावर तुम्हाला काही होतच नव्हतं, तर पट्टीत दिसणार काय? त्या पोरगेल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी विचारलं तेवढ्याचं मी अचूक उत्तर दिलं.

मला आत नेण्याआधी हे कागदांवर सह्या करायला गेले होते. तू आणि मी दोघीच. तू भिंतीकडे बघत म्हणालीस, "आमच्या यांनी पण त्या सकाळी सोडाच घेतल्ता. मीच दिल्ता. छातीत भरल्यावानी होऊन राह्यलं म्हणले, मी म्हणलं पित्त असंल. विज्ञानाची बाई मी. घेतला आन शेतात गेले." तातेरावभाऊजी शेतात गेले ते परत आले नाहीत, एवढंच मला माहीत होतं. सोड्याचं तू कधी बोलली नव्हतीस. मला तुला जवळ घ्यायचं होतं, पण हाताला सुई होती. ज्योत्स्ने, मी तुला तेव्हा सांगू शकले नाही ते आता सांगते. स्वतःला दोष देऊ नकोस, घरातल्या कुणीही हेच केलं असतं. आमच्या यांनी केलंच की. नशीब माझं की मी गावभर बसत फिरले आणि ते तुला लिहीत गेले.

नंतर आमच्याकडे राहिलीस तेव्हा माझ्या गोळ्या, माझं जेवण, माझं चालणं, सगळ्यावर तुझा पहारा. मीठ लपवलंस. यांना भजी बंद केलीस, तो माणूस तुझ्यासमोर मांजरासारखा वागत होता. आणि मी एकदाही विचारलं नाही, न सांगता का गेलीस. भीती वाटत होती की उत्तर दिलंस तर भांडण होईल आणि भांडणापायी तू दोन दिवस आधी जाशील.

स्टँडवर गाडी लागल्यावर तूच बोललीस. पिशवी खिडकीतून आत टाकलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुला सांगितलं असतं ना तारे, तर मी गेलेच नसते. आन त्या घरात मला राहवत नव्हतं."

कंडक्टरनं घंटी मारली. मला काहीतरी म्हणायचं होतं, शब्दच सापडला नाही. मला! स्टँडवर उभी राहून मी हात हलवत होते आणि गाडी केव्हाच वळून गेली होती.

तुझी,
तारी


तीर्थपुरी
२३ मार्च २०२५

ज्योत्स्ने,

फोनवर रोज बोलतो, तरी काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. तू मध्येच 'गोळी घेतली का?' म्हणतेस आणि माझं वाक्य तुटतं.

परवा जालन्याला तपासणीला गेले होते. वजन थोडं उतरलं, रक्तदाब चांगला. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, आता छातीत काही होतं का?" आता मी शहाणी झाले आहे. दुखणं की भरणं, असली मखलाशी केली नाही. सरळ सांगितलं, होतं. गच्च भरून येतं.

ते एकदम सावध झाले. "कधी? चढावर?"

मी म्हटलं, नाही. चढ मी आता बोलत बोलत चढते. हंडा उचलते, अंगण झाडते, काही होत नाही. बसल्यावर होतं. दुपारी जेवणं झाली, हे झोपले, घरात कुणाचा आवाज नाही, अशा वेळी.

त्यांनी लगेच पट्टी काढली. मग त्या पट्ट्यावर पुन्हा चालवलं, या वेळी मी पुरतं चालले, त्यांनीच थांबा म्हटलं. छातीवर ती थंडगार जेली लावून सोनोग्राफी केली, हृदय पडद्यावर उघडझाप करताना मलाही दाखवलं. रक्त तपासलं. हे बाहेर बाकावर देवाचं नाव घेत बसले होते. सगळं बरोबर निघालं. पित्तही नाही, त्याची गोळी कधीच बंद केली आहे.

डॉक्टर कागद पुन्हापुन्हा उलटून बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, मशीनला तर काहीच सापडेना. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशानं होत असंल?"

मी म्हटलं, माझी मैत्रीण नाशकाला असते.

मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "त्याच बाई ना, ज्यांनी तुम्हाला इथं पाठवलं?" मी मान हलवली.

या वेळची चिठ्ठी मी घरी येऊन वाचली. जुन्याच गोळ्या आहेत, नवीन काही नाही. या एका तक्रारीपुढे त्यांनी जागा कोरी सोडली आहे. तेव्हा ज्योत्स्ने, या दुखण्याचं बघणं तुझ्याकडेच आलं. उन्हाळ्यात येतेस का?

तुझीच,
तारी